पक्ष ‘पुन्हा उभा करायचा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

निवडणुकीत आपटी खाल्ली की आठवड्याभरात एक बातमी ठरलेली असते. चिंतन बैठक होते आणि बाहेर आलेले नेते माइकसमोर सांगतात, ‘आता तळागाळापासून पक्षाची पुनर्बांधणी करणार.’ २०२४च्या जूनमध्ये, लोकसभेच्या निकालानंतर, हे वाक्य महायुतीच्या तोंडी होतं. नोव्हेंबरात विधानसभेचा निकाल लागला आणि तेच वाक्य महाविकास आघाडीकडे गेलं. वाचणाऱ्याला मात्र पत्ता लागत नाही की हा तळागाळ आहे कुठे आणि तिथे जाऊन करायचं काय. मिस्ड कॉल देऊन सदस्य व्हा म्हणतात, ते हेच का? की जिल्हाध्यक्ष बदलला की झाली पुनर्बांधणी?

दोन्ही नाही. तळागाळाला पत्ता असतो, आणि तो निवडणूक आयोगाने छापून दिलेला असतो.

एक लाख खोल्या

मतदान केंद्र, म्हणजे ज्याला सगळे बूथ म्हणतात, ती बहुतेक वेळा शाळेची एक खोली असते. २०२४च्या विधानसभेला महाराष्ट्रात अशी १,००,१८६ केंद्रं होती आणि मतदार होते सुमारे ९ कोटी ७० लाख. भागाकार केला तर एका केंद्राला साधारण ९७० मतदार येतात. जागा २८८, म्हणजे एका आमदारामागे सरासरी साडेतीनशेच्या आसपास केंद्रं.

९७० मतदार म्हणजे अडीचशे-तीनशे घरं. एखादी मोठी वाडी, नाहीतर शहरातल्या पाच-सहा सोसायट्या. एवढी घरं एक माणूस नावानिशी ओळखू शकतो. किराणा दुकानदार ओळखतोच की. कोणाचं उधार किती, कोणाचा मुलगा कुठे नोकरीला, कोणाच्या घरी दुखणं आहे, हे त्याला वहीत बघावं लागत नाही. पक्षाची बांधणी म्हणजे अशा प्रत्येक खोलीमागे असा एक दुकानदार असणं. एक लाख खोल्या, एक लाख माणसं. बाकीचे सेल, आघाड्या, प्रवक्ते आणि दीडशे सरचिटणीसांची जम्बो कार्यकारिणी ही सगळी वरची रंगरंगोटी. (जम्बो कार्यकारिणी हा आपल्याकडचा खास प्रकार. निवडणूक हरल्यावर ती आणखी मोठी होते, कारण नाराज झालेल्यांना पदाची खिरापत वाटावी लागते.)

या माणसाला प्रत्येक पक्षात वेगळं नाव आहे. शिवसेनेत शाखाप्रमुखाच्या हाताखाली गटप्रमुख असतो आणि त्याच्याकडे मतदार यादीचा ठरावीक भाग असतो. भाजपने तर यादीच्या एकेका पानाला माणूस नेमला, तो पन्नाप्रमुख. यादीच्या एका पानावर तीस नावं असतात. तीस नावं म्हणजे सात-आठ घरं. यापेक्षा बारीक वाटणी होऊ शकत नाही.

पक्ष कायद्याने कोणाचा असतो?

इथे जरा थांबायला हवं, कारण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातला सर्वात मोठा गोंधळ हाच आहे.

पक्षाचं नाव आणि चिन्ह कोणाचं, हा वाद १९६८च्या चिन्ह आदेशाखाली निवडणूक आयोग सोडवतो. १७ फेब्रुवारी २०२३ला आयोगाने ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं. ६ फेब्रुवारी २०२४ला राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाकडे गेलं. उद्धव ठाकरे यांच्या हाती मशाल आली आणि शरद पवार यांच्या हाती तुतारी वाजवणारा माणूस.

निकालांची चर्चा भरपूर झाली, पण त्यातली एक गोष्ट बाजूला पडली. असा वाद आला की संघटना कोणाच्या बाजूला आणि आमदार-खासदार कोणाच्या बाजूला, हे दोन्ही आयोग बघतो. या दोन्ही प्रकरणांत संघटनेचं पारडं कुठे झुकतं हे समाधानकारक ठरवता येत नाही, असं आयोगाचं म्हणणं पडलं. मग आमदार मोजले. शिवसेनेत ५५ पैकी ४० शिंदे यांच्याकडे होते.

निकाल पटो न पटो, संघटनेच्या दृष्टीने त्यातून निघणारी गोष्ट बोचणारी आहे. दशकानुदशकं चाललेल्या पक्षांत आतल्या निवडणुका, सदस्यांच्या नोंदी, कोण पदाधिकारी आणि कोणी निवडला याचे कागद इतके कच्चे होते की लाखो कार्यकर्ते हिशेबातच धरता आले नाहीत. घर पिढ्यान्‌पिढ्या आपलं, पण सातबाऱ्यावर नावच नाही, तशातली गत.

नवं चिन्ह कळवायचं तरी कसं?

साताऱ्याचं उदाहरण घेऊ. २०२४च्या लोकसभेला तिथे शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे उभे होते, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. समोर भाजपचे उदयनराजे भोसले. त्याच मतपत्रिकेवर एका अपक्षाला वाद्य मिळालं होतं आणि मराठीत त्याचंही नाव ‘तुतारी’च. शशिकांत शिंदे साधारण ३२ हजार ७०० मतांनी पडले. त्या अपक्षाला पडलेली मतं होती ३७ हजारांच्या वर. दिंडोरीत तर अशाच तुतारीवाल्या अपक्षाने लाखावर मतं घेतली, तरी तिथे पवार गटाचे भास्कर भगरे मोठ्या फरकाने निघाले म्हणून निभावलं.

ही सगळी मतं चुकूनच पडली असं छातीठोक सांगता येणार नाही. पण प्रश्न उरतोच. सभेत तुतारी वाजवली, बॅनरवर छापली, मोबाईलवर फिरवली. तरीही सत्तर वर्षांच्या आजींना यंत्रासमोर उभं राहिल्यावर नुसती तुतारी दिसली तर त्या काय दाबतील? ‘आजी, माणूस असलेली बघा, नुसती नको,’ हे त्यांच्या ओट्यावर बसून, नमुना मतपत्रिका हातात धरून सांगावं लागतं. ते सांगायला ओट्यावर बसू दिलं जाईल असा माणूस लागतो.

याच शशिकांत शिंदे यांना पुढे जुलै २०२५मध्ये पक्षाने प्रदेशाध्यक्ष केलं. चिन्ह पोहोचलं नाही की काय होतं, हे त्यांना शिकवावं लागणार नाही.

टेबलावरचा एक दिवस

एका नगरपालिकेच्या निवडणुकीत मित्राच्या आग्रहाखातर मी दिवसभर एका पक्षाच्या टेबलावर बसलो होतो. पक्ष कुठला, गाव कुठलं, याला इथे महत्त्व नाही. केंद्राच्या बाहेर ठरवून दिलेल्या अंतरावर टेबल, दोन खुर्च्या आणि मतदार यादी. यादी सांभाळत होता मोबाईल रिचार्जचं दुकान चालवणारा एक मुलगा. यादीत प्रत्येकाचा एक चौकोन: नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय. चौकोनाच्या कडेला पेन्सिलीने त्याच्या खुणा. ‘म’ म्हणजे मयत, ‘दु’ म्हणजे दुबार, ‘पु’ म्हणजे पुण्याला. काही नावांपुढे नुसता प्रश्न.

सकाळी नऊच्या सुमारास एक बाई चिठ्ठी घेऊन आल्या आणि नाव सापडत नाही म्हणून परत निघाल्या. मुलाने यादी उघडलीसुद्धा नाही. म्हणाला, ‘काकू, तुमची गल्ली या वेळी कन्या शाळेत गेली. पाठीमागच्या बोळाने जा, दोन मिनिटं.’ हे त्याला माहीत होतं, कारण प्रारूप, म्हणजे कच्ची यादी लागली तेव्हा तो ती वाचायला गेला होता.

दुपारी तीनला त्याने यादी पुन्हा पहिल्या पानापासून घेतली. आतापर्यंत मतदान केलेल्यांवर लाल रेघ होती. रेघ नसलेली पण पेन्सिलीने ‘आपले’ म्हणून ठरलेली अशी एकशे चाळीसच्या आसपास नावं उरली. मग फोन सुरू झाले. (मतदारांना आणायला गाडी पाठवणं कायद्याला चालत नाही. फोन करायला मनाई नाही.) संध्याकाळपर्यंत त्यातले निम्मेअधिक येऊन गेले.

आतल्या खोलीत त्याच पक्षाचा दुसरा माणूस पोलिंग एजंट म्हणून बसला होता. पोलिंग एजंट म्हणजे उमेदवाराचा अधिकृत डोळा. लोकसभा-विधानसभेला मतदान सुरू होण्याआधी यंत्रावर किमान ५० मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं मतदान होतं, ते त्याच्यासमोर. शेवटी यंत्रात एकूण किती मतं नोंदली गेली याचा ‘१७ सी’ नावाचा नमुना भरतात, त्याची सहीची प्रत त्याला मिळते. मोजणीच्या दिवशी आकडा जुळतो का हे पाहायचं असेल तर ही प्रत हातात हवी. एजंटच नसेल तर प्रत घेणार कोण? निकालानंतर यंत्रावर शंका घेणाऱ्या प्रत्येक पक्षाला मला हे विचारावंसं वाटतं: तुमच्याकडे १७ सी किती केंद्रांचे आहेत?

मग कार्यकर्ते गेले कुठे?

कार्यकर्ता नुसता भाषणाने टिकत नाही. त्याला काम लागतं, आणि कधीतरी स्वतः उभं राहायची आशा लागते. महाराष्ट्रात १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि पुढची साठ वर्षं तीच राजकारणाची रोपवाटिका होती. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, आर. आर. पाटील सांगलीच्या जिल्हा परिषदेत होते, देवेंद्र फडणवीस नागपूरचे नगरसेवक आणि मग महापौर.

ही रोपवाटिका २०२२पासून कोरडी पडली. मुंबई महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ला झाली, मुदत मार्च २०२२ला संपली आणि प्रशासक बसला. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद कोर्टात अडकला. राज्यभर एकामागून एक महापालिका, जिल्हा परिषदा, पंचायत समित्या प्रशासकाच्या हाती गेल्या. ६ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं, पुढे मुदत ३१ जानेवारी २०२६पर्यंत वाढवून दिली. डिसेंबर २०२५मध्ये नगरपालिकांचं आणि १५ जानेवारी २०२६ला २९ महापालिकांचं मतदान झालं. मुंबईत २०१७ला तिशीत तिकिटाची वाट पाहणारा कार्यकर्ता तोवर चाळिशीला टेकला होता.

मधल्या काळात काय झालं ते नीट बघा. नगरसेवक नाही, जिल्हा परिषद सदस्य नाही. गटाराचं, रस्त्याचं, समाजमंदिराचं काम मंजूर करून आणायचं तर आमदार किंवा पालकमंत्री, कारण जिल्हा नियोजन समितीचा निधी त्यांच्या हातात. विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्याकडे गल्लीतली माणसं येतात आणि त्याच्याकडे सांगायला एकच वाक्य असतं, ‘आपलं सरकार आलं की बघू.’ दोन वर्षं तो हे सांगतो. तिसऱ्या वर्षी गळ्यात दुसरा गमछा घालतो. त्याला आपण गद्दार म्हणून मोकळे होतो, पण तो ज्या गल्लीत राहतो त्या गल्लीचं गटार तुंबलेलंच असतं.

फोडाफोडीच्या बातम्या नेत्यांच्या असतात. खरी गळती ही अशी झाली, थेंबाथेंबाने, आणि ती झाकायला कुठलाही मेळावा पुरत नाही.

जुनी शिवसेना यावर उतारा म्हणून शाखा चालवायची. संध्याकाळी दार उघडं, बाहेर फळा, आत टेबलामागे शाखाप्रमुख, आणि समोर रांगेत शाळेचा प्रवेश, पाण्याचा नळ, नवरा-बायकोचं भांडण, इस्पितळात खाट. सत्ता असो नसो, दार उघडं. पक्ष फुटल्यावर या शाखांच्या चार भिंतींवरून ठिकठिकाणी हाणामारीची वेळ आली, २०२३मध्ये मुंब्र्यात मोठा तणाव झाला, तो उगाच नाही. भिंतींना किंमत नव्हती. संध्याकाळी सातला तिथे माणूस भेटतो या सवयीला होती.

पण आता सगळं मोबाईलवर होत नाही का?

मोबाईलवर वातावरण तापतं. यादीतलं गळलेलं नाव मोबाईल परत घालत नाही. एवढंच उत्तर पुरेसं आहे.

पैसा आणि योजनांपुढे बूथ काय करणार?

ही शंका रास्त आहे. २०२४च्या विधानसभेआधी लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये खात्यात पडले आणि निवडणुकीचा नूर पालटला, असं बहुतेकांचं मत आहे. पण योजना घरात पोहोचली कशी ते आठवा. जुलै-ऑगस्टमध्ये गल्लोगल्ली मंडप पडले होते. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, अर्जातली चूक दुरुस्त करणं. अंगणवाडी सेविकांच्या जोडीला तिथे पक्षांची पोरं बसली होती. ज्याने अर्ज भरून दिला त्याचा चेहरा पैशाला चिकटला. योजना सरकारची होती, पण ‘भाऊ’ कोण हे त्या टेबलावर ठरलं. विरोधकांनीही काही ठिकाणी मंडप टाकले, पण टाकायला माणसं होती तिथेच.

पैशाचं म्हणाल तर तो वाटायलाही यादी आणि विश्वासू माणूस लागतो. नसला तर मधल्यामध्ये जिरतो, आणि तो कुठे जिरला हे निवडणूक संपल्यावर तालुक्यातल्या नव्या गाड्यांवरून कळतं.

यादीतच घोळ असेल तर?

लोकसभा आणि विधानसभा या दोन निवडणुकांच्या मधल्या काही महिन्यांत महाराष्ट्रात मतदार अवाच्या सवा वाढले, असा काँग्रेसचा आरोप आहे. आयोग तो फेटाळतो. आयोगाचं म्हणणं असं की यादी तपासायला पक्षांना स्वतःचे प्रतिनिधी नेमता येतात. त्यांना बीएलए म्हणतात. यादीचं काम करणारा सरकारी माणूस तो बीएलओ, बहुधा एखादा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. आणि त्याच्या कामावर लक्ष ठेवणारा पक्षाचा माणूस तो बीएलए. आयोगाच्याच आकड्यांनुसार २०२४ला सगळ्या मान्यताप्राप्त पक्षांचे मिळून बीएलए लाखाच्या थोडे वर होते आणि त्यात काँग्रेसचे होते २८ हजारांच्या आसपास.

म्हणजे चारातल्या जवळपास तीन केंद्रांवर यादीकडे बघणारा काँग्रेसचा अधिकृत माणूस नव्हता. आघाडीत पक्ष शंभराच्या आसपास जागाच लढला हे खरं, पण यादी काही जागावाटप बघून बदलत नाही. यंत्राने वाचता येईल अशा स्वरूपात यादी द्या ही काँग्रेसची मागणी मला रास्त वाटते, आणि आयोगाने ती टाळत राहणं संशय वाढवणारं आहे. तरीही ‘या घर क्रमांकावर ही माणसं राहत नाहीत’ हे सांगायला शेवटी त्या घरी जाऊन आलेला माणूस लागतो. फेब्रुवारी २०२५मध्ये हर्षवर्धन सपकाळ प्रदेशाध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्यापुढे वाढून ठेवलेलं खरं काम ही उरलेली सत्तर हजार नावं शोधण्याचं होतं.

लाट आली की बूथबिथ वाहून जातात

जातात. यावर वाद नाही. बूथबांधणीत भाजपचा हात धरणारा पक्ष आज देशात नाही, आणि तरीही लोकसभेला महाराष्ट्रात तो २३वरून ९वर आला. कांद्याचे भाव, सोयाबीनचे भाव, मराठा आरक्षण, फोडाफोडीचा राग, यांपुढे पन्नाप्रमुख काय करणार होता?

पण पुढे बघा. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. मध्ये साडेपाच महिने. तेवढ्यात तोच पक्ष १३२ जागांवर गेला. उलट लोकसभेला १३ जागा जिंकून राज्यात पहिला आलेला काँग्रेस पक्ष विधानसभेला २८८पैकी १६वर आला. कारणं अनेक आहेत आणि योजना हे त्यातलं मोठं. तरी मला यात दिसतं ते असं की संघटना असली तरी पक्ष पडतो, पण पडल्यावर उठायला वर्षं लागतात की महिने, हे तिच्यावर ठरतं. मेळ लावायला यादी तयार होती, फोन करायला माणूस तयार होता. नव्याने फक्त निरोप द्यायचा होता.

आणि लाट नसते तेव्हा मतांचा फरक किती असतो? २०२४ला उत्तर पश्चिम मुंबईत खासदार ठरला ४८ मतांनी. विधानसभेला साकोलीत नाना पटोले निघाले २०८ मतांनी, मालेगाव मध्यमध्ये फरक पडला १६२ मतांचा. साडेतीनशे केंद्रांचा मतदारसंघ धरला तर केंद्रामागे एक मतसुद्धा भरत नाही. कन्या शाळेचा रस्ता दाखवलेल्या एका काकू तेवढ्याला पुरतात.

किती वेळ लागतो?

नवा प्रदेशाध्यक्ष आला की शंभर दिवसांचा कार्यक्रम जाहीर करतो. शंभर दिवसांत एक लाख नावं गोळा होतात, यात शंका नाही. आधीच्या यादीवरून उतरवली की झालं. कित्येक पक्षांच्या बूथ समित्यांत असे लोक सापडतात ज्यांना आपण समितीत आहोत हे ठाऊकच नसतं. खरा माणूस उभा करायला किमान दोन निवडणुका जाव्या लागतात: एकीत तो शिकतो, दुसरीत त्याच्यावर भरवसा बसतो. मध्ये त्याला करायला वर्षभराचं काम आहे. मतदार नोंदणीसाठी आता वर्षाला चार अर्हता दिनांक, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण झाली का हे बघायच्या तारखा, असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. म्हणजे दर तीन महिन्यांनी गल्लीतल्या नुकत्या अठरा पूर्ण झालेल्या पोरांची नावं घालायची, मयतांची काढायची, नव्या भाडेकरूंच्या दाराशी जायचं. या कामाला ना व्यासपीठ लागतं ना हार.

सर्वात स्वस्त भांडवल आत्ता हातात आहे. इतक्या वर्षांनी झालेल्या नगरपालिका-महापालिका निवडणुकांत प्रत्येक पक्षाचे असंख्य उमेदवार पडले. प्रत्येकाकडे स्वतःच्या प्रभागाची ताजी, खुणा केलेली यादी आहे. जिंकलेल्याला भेटायला गर्दी असते. पडलेल्याला महिन्याभरात पक्षाचा फोन आला तर तो पाच वर्षं टिकेल, नाही आला तर दुसरीकडून येईलच.

टेबलावरचा तो मुलगा परवा भेटला. निवडणुकीनंतर पक्षाकडून कोणी विचारलं का, म्हटलं. हसला. रिचार्जच्या दुकानात वरच्या फळीवर, कव्हरांच्या खोक्यांमागे ती यादी अजून होती. काढून दाखवली. ‘पण आता बदलावी लागेल,’ म्हणाला, ‘यातल्या बऱ्याच पोरांपुढे ‘पु’ लिहायचं राहिलंय.’